साडेबारा हात

नोंदणीच्या टेबलावरच्या पोरीनं फॉर्म पुढं सरकवला. नाव, पदनाम, संस्था, मोबाईल. नाव लिहिलं. पदनामापुढं 'पॅटर्न मेकर' लिहिलं. संस्थेपाशी पेन थांबलं.

"काका, तुम्ही कुठल्या कॉलेजचे?"

"कुठल्याच नाही. उद्यमनगरात माझं शॉप आहे."

तिनं शेजारच्या पोराकडं बघितलं, त्यानं कुठल्यातरी सरांना फोन लावला, सरांनी आणखी कुणाला तरी विचारलं. शेवटी मला 'इतर' या रकान्यात घालून आठशे रुपयांची पावती फाडली. प्राध्यापकांना सातशे, संशोधक विद्यार्थ्यांना पाचशे. 'इतर' असण्याचे शंभर रुपये जादा पडतात हे त्या दिवशी कळलं. फाईल, पेन आणि गळ्यात अडकवायचं कार्ड मात्र सगळ्यांना सारखंच मिळालं.

गणिताच्या इतिहासावरचं दोन दिवसांचं चर्चासत्र होतं. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण पुढं थोडं वाकडं लिहिणार आहे. करवीर नगर वाचन मंदिरात पुस्तक बदलायला गेलो होतो, तिथं एका वाचकानं पत्रक दाखवलं. विषय बघितले आणि त्याच दिवशी वाळूत साचे करणाऱ्या मोल्डरला सांगून टाकलं, शुक्रवार-शनिवार माझ्याकडं नमुना मागायला येऊ नको.

माझं काम काय ते आधी सांगतो. बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, कास्टिंग ओतायचं म्हणजे आधी त्याच आकाराचा लाकडी नमुना लागतो. तो वाळूत दाबायचा, अलगद काढायचा, राहिलेल्या पोकळीत रस ओतायचा. नमुना करणारा तो मी. बीड थंड होताना आकसतं, म्हणून फुटामागं एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जादा धरायचं. आणि वाळू न मोडता नमुना वर यावा म्हणून उभ्या बाजूंना किंचित टेपर द्यायचा, खाली अरुंद, वर रुंद. म्हणजे माझ्या हातून गेली तेहतीस वर्षं दोन्ही टोकांना सारखी अशी वस्तू क्वचितच बाहेर पडली आहे. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

उद्घाटन साडेनऊचं होतं, ते दहा पन्नासला सुरू झालं. समई, स्वागतगीत, सहा जणांना शाल-श्रीफळ. पाहुण्यांनी कोल्हापूरच्या मातीपासून सुरुवात केली. जयंत नारळीकरांचा जन्म इथला, १९३८ चा. त्यांचे वडील विष्णू वासुदेव नारळीकर हेही इथलेच, केंब्रिजचे रँग्लर, पुढं बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्रमुख. संख्याशास्त्रज्ञ व. शं. हुजूरबाजार, तेही कोल्हापूरचेच. सगळं खरं आहे. पण आम्ही टाळ्या अशा वाजवल्या की जणू त्यांच्या जन्मात आमचाही काही हात होता.

पहिलं व्याख्यान शुल्बसूत्रांवर. शुल्ब म्हणजे दोरी. यज्ञाची वेदी आखायला दोरी कशी ताणायची, खुंट्या कुठं मारायच्या, चौरसाचा तेवढ्याच क्षेत्राचा आयत कसा करायचा, याचे नियम त्यात आहेत. सुताराच्या पोराला यापेक्षा जवळचा विषय कुठला? आमच्याकडं अजून लाकडावर सूत मारतात. गेरूत बुडवलेली दोरी दोन टोकांना दाबून धरायची, मध्ये चिमटीत उचलून सोडायची, की सरळ रेघ उठते. वाटलं, आता दोरी निघेल.

दोरी निघाली नाही. स्लाईड निघाली आणि तिच्यावरचे सगळे श्लोक फॉन्ट नसल्यामुळं रिकाम्या चौकोनांत उमटले. व्याख्यान चौकोनांवरच होतं म्हणून काही वेळ मला ते मुद्दाम केलंय असं वाटलं. वक्त्यांनी चाळीस मिनिटांत अकरा वेळा 'जगात सर्वप्रथम' म्हटलं. मोजले, कारण मोजायची सवय आहे. शुल्बसूत्र लिहिणाऱ्या बौधायनानं काटकोनाचा नियम पायथागोरसच्या आधी सांगितला, पाश्चात्यांनी दडवला, आपण जागं व्हायला हवं. शेवटच्या दोन मिनिटांत त्यांनी चौरसाच्या कर्णाचा नियम घाईनं वाचला. बाजूत तिचा तिसरा भाग मिळवा. त्या तिसऱ्याचा चौथा भाग आणखी मिळवा. आणि या शेवटच्या तुकड्याचा चौतिसावा भाग त्यातून काढून टाका. झाला कर्ण. "अत्यंत अचूक," असं म्हणून ते खाली बसले.

किती अचूक? मी मोबाईलवर मांडून बघितलं. एक मीटर बाजूचा चौरस घ्या. हजार मिलिमीटर, त्यात ३३३.३३३, त्यात ८३.३३३, त्यातून २.४५१ वजा. आलं १४१४.२१५७. खरा कर्ण १४१४.२१३६. फरक दोन मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे दोन हजारांश. माझ्या शॉपमधला व्हर्नियर वीस मायक्रॉनच्या खाली वाचत नाही. म्हणजे दोरी आणि खुंट्या घेऊन बसलेल्या माणसाच्या नियमातली चूक माझ्या व्हर्नियरला दिसणारसुद्धा नाही. ही गोष्ट सोडून 'सर्वप्रथम'च्या मागं का धावायचं, हे मला अजून समजलेलं नाही.

मी हात वर केला. "सर, तिसरा आणि चौथा भाग ठीक, पण हा चौतिसावा कुठून आला? दोरीनं मोजताना चौतीस हा आकडा कुणाला कसा सुचेल?"

"फार छान प्रश्न," सर म्हणाले. आणि अध्यक्षांनी वेळ संपल्याची चिठ्ठी पुढं केली.

उत्तर चहाच्या टेबलावर मिळालं. पुढचं व्याख्यान ज्यांचं होतं त्या बाई पुण्याहून आल्या होत्या. त्या कपबशी घेऊन माझ्याकडं आल्या आणि म्हणाल्या, "सूत्रात कारण दिलेलं नाही. पण अभ्यासकांनी लावलेला एक अर्थ आहे. कागद आहे का?" चर्चासत्राच्या फाईलमधली कार्यक्रमपत्रिका उलटी केली. त्यांनी दोन सारखे चौरस काढले. दोघांचा मिळून एक करायचा. दुसऱ्याच्या तीन उभ्या पट्ट्या करा. दोन पट्ट्या पहिल्या चौरसाच्या दोन बाजूंना चिकटवा. कोपरा रिकामा राहिला. तिसऱ्या पट्टीचे तीन चौकोनी तुकडे करा, एक त्या कोपऱ्यात बसतो. उरले दोन. प्रत्येकाच्या चार-चार बारीक पट्ट्या करा, आठही नव्या चौरसाच्या दोन बाजूंना चार-चार लावा. बाजू झाली एक, अधिक तिसरा भाग, अधिक त्याचा चौथा भाग. फक्त शेवटच्या कोपऱ्यात एक इवलासा चौकोन कमी पडला.

"आता तो भरायला तुकडा उरलेला नाही," बाई म्हणाल्या. "मग काय करायचं?"

"रंधा मारायचा," मी म्हणालो. "दोन कडा सारख्या तासायच्या. निघालेला भुसा त्या भोकाएवढा झाला की थांबायचं."

त्यांनी कप खाली ठेवला. "अगदी. आणि किती तासायचं त्याचा हिशोब करा."

केला. बाजूचे बारा भाग धरले तर नव्या चौरसाची बाजू सतरा भागांची. दोन कडा म्हणून सतरा दुणे चौतीस. ते भोक एका भागाचं, चौतिसांवर पसरायचं. चौतीस आला! चहा गार झाला, पण आठशे रुपये तिथंच फिटले.

बाईंचं स्वतःचं व्याख्यान पाटणच्या शिलालेखावर होतं. सातारा जिल्ह्यातलं पाटण नव्हे, चाळीसगावजवळचं, पाटणादेवीचं. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. त्यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथं मठ काढला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्याला दान दिलं. शके ११२८, म्हणजे इसवी सन १२०६च्या आसपासची गोष्ट. भाऊ दाजी लाडांनी हा लेख १८६५ साली जगापुढं आणला. वरचा भाग संस्कृतात, त्यात भास्कराचार्यांच्या घराण्याची पिढ्यानपिढ्यांची नावं. पण बाई रमल्या खालच्या भागात, कारण तो जुन्या मराठीत आहे. बाजारात जो माल विकला जाईल त्यावरचं राजाचं येणं मठाला दिलं आहे. आणि गावात जेवढे तेलाचे घाणे चालतील, त्या प्रत्येकामागं पळीभर तेल.

पळीभर तेल. मी ते कार्यक्रमपत्रिकेच्या उलट्या बाजूला, त्या चौरसाशेजारी लिहून ठेवलं. भास्कराचार्यांची 'लीलावती' शिकायला बसलेल्या पोरांच्या दिव्यात पाटणच्या तेल्याचं तेल जळत असणार. त्या तेल्याला भूमिती कुणी सांगितली होती का, असा प्रश्न मनात आला, पण तो विचारण्यासारखा नव्हता.

जेवणाच्या वेळी चार पोरं माझ्या टेबलावर येऊन बसली. हजेरीसाठी आणलेली होती हे त्यांच्या तोंडावरच दिसत होतं. त्यांना विरंगुळा म्हणून कापरेकर दाखवले. "माझ्या गाडीचा नंबर २७३५. आकडे चढते-उतरते मांडा, मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच." ७५३२ वजा २३५७, ५१७५. मग ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, आणि सातव्या फेरीला ६१७४. तिथं गाडी अडते, पुन्हा पुन्हा ६१७४च येतं. चारही आकडे सारखे नसले की कुठलाही नंबर जास्तीत जास्त सात फेऱ्यांत तिथंच पोचतो. पोरांनी वरणभात बाजूला सारून आपापल्या गाड्यांचे नंबर घेतले. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर देवळालीला शाळेत शिकवायचे. हे त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं आणि त्यानंतर बरीच वर्षं आपल्याकडं फार कुणी मनावर घेतलं नाही. १९७५ साली अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनरनं त्यांच्यावर लिहिलं, मग नाव झालं. परिषदेच्या फॉर्मवर 'संस्था'पुढं ते काय लिहीत असतील, हे मी मनात म्हणालो. पोरांना नाही सांगितलं.

दुपारचं पहिलं सत्र जैन गणितावर, आणि इथं कोल्हापूर खरोखरचं आलं. आ. ने. उपाध्ये आमच्या राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकवायचे. त्यांनी हिरालाल जैनांबरोबर 'तिलोयपण्णत्ती' हा प्राकृत ग्रंथ संपादित केला, सोलापुरातून दोन भागांत निघाला, १९४३ आणि १९५१ साली. सोलापूरच्या त्याच ग्रंथमालेत पुढं १९६३ मध्ये महावीराचार्यांचा 'गणितसारसंग्रह' हिंदीत आला. महावीराचार्य नवव्या शतकातले, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातले. बोलणारे सर निवृत्त होते, आवाज बारीक, माईक त्याहून बारीक. पहिल्या दोन रांगा सोडल्या तर सगळे मोबाईलमध्ये.

'तिलोयपण्णत्ती'त विश्वाचा आकार सांगितला आहे. उंची चौदा रज्जू (रज्जू हे त्या ग्रंथातलं लांबीचं माप), जाडी सगळीकडं सात. तळाशी रुंदी सात, वर निमुळती होत मध्यावर एक, मग फुगत जाऊन पाच, आणि माथ्यावर पुन्हा एक. या विश्वाचं घनफळ काढलं आहे, ३४३ घनरज्जू. सर आकडा सांगून पुढं गेले. मी मागच्या रांगेत बसून तो नमुना असल्यासारखा मोजला. खालचा तुकडा: सात आणि एक, सरासरी चार, उंची सात, जाडी सात. १९६. वरचा अर्धा: एक आणि पाच, सरासरी तीन, उंची साडेतीन, जाडी सात. साडेत्र्याहत्तर, आणि तसेच दोन, म्हणजे १४७. बेरीज ३४३. मी रोज कास्टिंगचं वजन काढायला हेच करतो: दोन टोकं मिळवायची, निम्मी करायची, लांबीनं गुणायचं. विश्व काय आणि पंपाची केसिंग काय, टेपर आला की हिशोब तोच. ज्यानं त्या मापाचं विश्व कल्पिलं त्याच्या आजूबाजूला भिंती रचणारे, धान्याच्या कणग्या मोजणारे लोक असणारच, असं माझं मत. पुरावा मागू नका.

दिवसाचं शेवटचं व्याख्यान 'लीलावती'वर. ऊन कलंडलं होतं, पंखा आवाज करत होता. वक्ते तरुण होते आणि वीस मिनिटांत दोनशे साठ-सत्तर श्लोक उरकायचे होते. कमळात बसलेले भुंगे, तुटलेली मोत्याची माळ, मोर आणि साप, हे नेहमीचे यशस्वी कलाकार येऊन गेले. त्यात एक स्लाईड आली, 'क्रकचव्यवहार'. क्रकच म्हणजे करवत. ग्रंथात लाकूड चिरण्याचं एक स्वतंत्र प्रकरण आहे! आमच्या घराण्याला हे कुणी आजवर कसं सांगितलं नाही?

उदाहरण असं. ओंडका मुळाशी वीस अंगुळं जाड, शेंड्याला सोळा, लांबी शंभर अंगुळं. लांबीच्या दिशेनं चार काप घालायचे. तर हातांत हिशोब किती, लवकर सांग मित्रा. वीस आणि सोळा, सरासरी अठरा. अठरा गुणिले शंभर, अठराशे. चार काप, बहात्तरशे. चोवीस अंगुळांचा एक हात, म्हणून चोवीस गुणिले चोवीस, ५७६ नं भागा. साडेबारा हात. "साधा गुणाकार आहे," वक्ते म्हणाले आणि स्लाईड पुढं गेली.

साधा कसला? त्यांनी लाकडाचं घनफळ काढलेलंच नाही, हे कुणाच्या लक्षात आलं का? ओंडका केवढा मोठा याच्याशी करवतीला देणंघेणं नाही. करवत किती चौरस हात लाकडातून फिरली तेवढीच मजुरी. हे मला माहीत होतं, पुस्तकातून नाही.

आबा, माझे वडील, चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. ते पॅटर्नवाले नव्हते, वखारीत करवतीवर होते. बँडसॉ सगळीकडं यायच्या आधीची गोष्ट. ओंडका लाकडी घोड्यांवर चढवायचा, एक माणूस वर उभा, एक खाली. वरचा सुतावर नजर ठेवतो, खालचा ओढतो आणि भुसा खातो. आबा अकरा वर्षं खालचे होते. त्यांचे डोळे कायम लाल असायचे, आणि आई रोज रात्री त्यांच्या डोळ्यांवर दुधाच्या घड्या ठेवायची.

घरी गेल्यावर हातपाय धुतले आणि आबांच्या कॉटवर बसलो. अंगुळांची इंचांत फोड करूनच नेली होती. "आबा, एक हिशोब हाय. ओंडका बुंध्याला पंधरा इंच, शेंड्याला बारा, लांबी सव्वासहा फूट. चार काप घालायचेत. किती होईल?"

"लाकूड कुठलं?"

"लाकूड सांगितलेलं नाही."

"मग कशाचा हिशोब? सागाला येगळं, बाभळीला येगळं. बाभळीला दुपारी कानस मारावीच लागती."

"तरी पण, फूट किती?"

त्यांनी छताकडं बघितलं. ओठ हलले. साडेतेरा इंच धरायचं, असं काहीतरी पुटपुटले. मोबाईल काढून मी तयारच होतो. "अठ्ठावीस फूट दोन आणे."

४०५० चौरस इंच भागिले १४४. २८.१२५. दोन आणे म्हणजे रुपयाचा आठवा भाग, ०.१२५. आण्यांत अपूर्णांक सांगणारा माणूस मी बऱ्याच दिवसांनी ऐकला. साडेबारा हात आणि अठ्ठावीस फूट दोन आणे एकच.

रात्री 'लीलावती'च्या मराठी भाषांतराची माझी जुनी प्रत काढली. क्रकचव्यवहार शोधला. दोन उदाहरणं आहेत. दुसऱ्यात आडवे काप, बत्तीस अंगुळं रुंद, सोळा जाड, नऊ काप, उत्तर आठ हात. आणि त्याच्या लगेच खाली एक श्लोक, जो दुपारी कुणी वाचला नव्हता. विटांची चवड, दगडांची चवड, खणलेला खड्डा, करवतकाम, यांचा मोबदला कारागिरांशी ठरवून घ्यावा, आणि तो माल मऊ की कठीण यावर ठरतो.

आबा झोपले होते. उठवावं असं वाटलं, पण साडेअकरा वाजले होते आणि त्यांना मधुमेहाच्या गोळीनंतर झोप लागायला वेळ लागतो.

दुसऱ्या दिवसाबद्दल फार लिहीत नाही. हॉल निम्मा रिकामा. शोधनिबंध सात-सात मिनिटांत वाचले गेले, एका पठ्ठ्यानं नुसतं शीर्षक आणि आभार वाचले. समारोपाला प्रमाणपत्रं दिली, माझ्यावर 'प्रा.' लावून. खोडा म्हटलं तर नोंदणीवरची पोरगी म्हणाली, काका राहू दे की, छान दिसतंय. पाटणवाल्या बाईंना मात्र गाठून तो श्लोक आणि आबांचा प्रश्न सांगितला. त्यांनी वही काढली, तारीख घातली आणि विचारलं, "ते भेटतील का? माझी गाडी उद्या दुपारची आहे. सकाळी अंबाबाईचं दर्शन घेऊन येते."

रविवारी नऊला त्या मंगळवार पेठेत आमच्या दारात. आधी किरणोत्सवाचं विचारलं, माघात आणि कार्तिकात सूर्य कसा गाभाऱ्यात पोचतो, महाद्वार रोडवरच्या कुठल्या इमारती आड येतात. मी सांगत होतो, पण त्यांचं लक्ष आबांकडं. आबांनी धुतलेला शर्ट घातला होता आणि टोपी.

"आबा, हातानं चिरताना दर कसा ठरायचा?"

"मालकाशी बोलूनच की ताई. फणस आला तर फुटाला एक भाव. शिसवी आली तर आमी हातच लावत न्हवतो, आदी बोल म्हनायचं. गाठ असंल तर गाठीचं येगळं. मालक म्हनायचा फूट तर तेवडंच हाय. फूट तेवडंच हाय रं, पर आमचं हात तेवडंच न्हाईत."

बाई लिहीत होत्या. वरचा माणूस जास्त की खालचा, दोघांना मजुरी सारखी का, काप वाकडा गेला तर कुणाची चूक, सूत कोण मारायचं. वरच्याला चार आणे जादा, सूत तोच मारायचा, काप वाकडा गेला तर चूक खालच्याची. हे मलाही माहीत नव्हतं. पन्नास वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं. बायकोनं पोहे आणले, ते गार झाले. सव्वादहाला मीच म्हटलं, गाडी चुकेल.

"करवत हाय अजून," आबा म्हणाले. "माळ्यावर."

शिडी लावून काढली. जुन्या धोतरात गुंडाळलेली, एका टोकाची मूठ गायब. पात्यावर तांबडा गंज, पण मधला पट्टा जिथं लाकूड घासायचं तिथं अजून काळसर गुळगुळीत. दात एक डावीकडं वाकवलेला, पुढचा उजवीकडं, शेवटपर्यंत. बाईंनी लांबी विचारली. मी टेप आणायला उठलो, तर आबांनी कोपर पात्याच्या टोकाशी टेकवलं आणि मोजायला सुरुवात केली. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. चार हात झाले, वर एक वीत.

"चोवीस चोक शहाण्णव आणि बारा," बाई म्हणाल्या. "एकशे आठ अंगुळं." आणि दातांवरून बोट फिरवायला गेल्या.

"हात नगा लावू," आबा म्हणाले. "दात जागं हैत अजून." मग माझ्याकडं वळून, "कानस कुठाय बग."